हाताला दिसणारं घर

कुमुदकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर मफलर बांधलेला होता. भर दुपारी, उकाड्यात, पदर कमरेला खोचून त्या स्वतःच्याच घरात भिंत चाचपत चालत होत्या. दुसऱ्या हातात टिकल्यांचं पाकीट होतं. कपाटाचा कोपरा लागला की "आई गं" म्हणायचं, पाकिटावरची एक टिकली नखानं सोडवायची आणि त्या कोपऱ्याला चिकटवायची. मग पुढे. टेबलाच्या कडेला टिकली, स्वयंपाकघराच्या उंबरठ्याला टिकली, खिडकीच्या उघड्या झडपेला टिकली. घरभर लाल ठिपके उमटले होते.

डोंबिवली पूर्वेच्या त्या जुन्या चार मजली इमारतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. काकूंचं घर बरोबर आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर. सुट्टीच्या दिवशी दुपारी जरा आडवं व्हावं तर वरून ठोकाठोकी सुरू व्हायची, म्हणून मी तक्रार करायला गेले होते. दार उघडंच होतं.

"कोण आलंय?" मफलर न काढता त्यांनी विचारलं.

"मी मंजिरी. खालच्या मजल्यावरची."

"ये ना, आत ये. जपून हां, ते स्टूल मधेच आहे," असं म्हणत त्या स्वतःच स्टुलावर धडकल्या. मग मफलर कपाळावर सरकवून हसल्या. "बघ, माहीत असूनसुद्धा लागलं. म्हणजे स्टूल तिथे नको." स्टुलालाही टिकली लागली. तक्रार माझ्या तोंडातच राहिली. बाई जरा विक्षिप्त आहेत, एवढं मनाशी ठरवून आणि त्यांनी दिलेलं कोकम सरबत पिऊन मी खाली आले.

काकू तेव्हा साठीला टेकल्या होत्या. सगळी नोकरी एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कंपनीत, पॅकिंग खात्यात झालेली. तोपर्यंत हातोडी हातात धरली असेल ती कॅलेंडरच्या खिळ्यापुरती. आणि आता निवृत्त झाल्यावर त्या दुपारच्या दुपार घर फोडत होत्या. छिन्नी, थापी, पाना अशी एकेक वस्तू घरात येत होती. फोडलेल्या लाद्या आणि सिमेंटचा चुरा, ज्याला कामगार रॅबिट म्हणतात, तो त्या छोट्या छोट्या पिशव्यांत भरून जिन्यानं खाली नेताना दिसायच्या. मोठी गोणी उचलवत नाही म्हणून पिशव्या लहान, एवढाच काय तो त्यांनी वयाशी केलेला समझोता.

एकदा स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर होते. त्यांना ड्रिलचं भिंतीत चालणारं पातं हवं होतं. दुकानदार म्हणाला, "मावशी, तुम्ही मिस्त्रीला पाठवा ना. त्याला समजेल."

"मिस्त्री आलाय," काकू म्हणाल्या. "दाखव."

तो हसला, पण दाखवलं. काकूंनी प्रत्येक पातं बोटांनी तपासून एक निवडलं आणि त्याच्याकडूनच ते ड्रिलला कसं बसवायचं ते शिकून घेतलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काकू, तुम्हाला भीती नाही वाटत? एवढं सगळं फोडायचं म्हणजे?"

"भीती कसली? हे घर काय जमिनीतून उगवलंय? माणसांनीच बांधलंय ना? मग माणसाला येईल की." हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. एकाच गोष्टीला त्या हात लावत नसत, ती म्हणजे वीज. त्यासाठी वायरमन यायचा. "वीज आपल्याला विचार करायला वेळच देत नाही गं," म्हणायच्या. "भिंत देते."

हे सगळं कशासाठी चाललंय ते मला कळलं ते एका अपघातामुळे. एका शनिवारी सकाळी माझ्या स्वयंपाकघराच्या छतातून अचानक पाण्याची धार लागली. मी भांडी लावतेय तोवर काकू जिना उतरून दारात हजर, नखशिखांत भिजलेल्या, केसांत सिमेंट.

"मेन कॉक बंद केलाय. बाथरूमचा उंबरठा फोडत होते, छिन्नी पाइपावर बसली. चूक माझी. प्लंबर येतोय, आणि तुझं छत मी करून देईन."

करून देईन म्हणजे माणूस पाठवीन, असं मी धरून चालले. पण छत सुकल्यावर काकू स्वतःच आल्या. दोन स्टुलं, त्यांवर एक फळी, नाकाला ओढणी. फुगलेलं प्लास्टर त्यांनी खरवडून काढलं आणि थापीनं नवीन लावायला घेतलं. मी खाली घमेलं धरून उभी होते. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी म्हटलं, "काका मदत नाही करत तुम्हाला?"

काकूंनी वाकून घमेल्यातलं प्लास्टर थापीवर घेतलं. 

"काचबिंदू आहे त्यांना. दोन्ही डोळ्यांत. उशिरा कळलं गं. कडेकडेनं गेलंय सगळं, नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणाले, तेही जाईल."

त्या मान वर करून काम करत होत्या, त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. सावंतकाका ठाण्याच्या कोर्टात बेंच क्लार्क होते. निवृत्त झाल्यावरही कडक इस्त्रीचा शर्ट घालून रोज सकाळी गॅलरीत पेपर वाचत बसलेले मी त्यांना पाहत होते. येता-जाता कधी ओळखीचं हसायचे नाहीत म्हणून मला ते शिष्ट वाटायचे.

"पण काका पेपर वाचतात ना रोज?"

"पेपर धरतात," काकू म्हणाल्या.

मला घमेलं जड झालं.

त्यांचा मुलगा, निखिल, पुण्याला असायचा. दोघांनी तिकडे राहायला यावं म्हणून तो मागे लागला होता, आणि तो काही चुकीचं बोलत नव्हता. काका बाथरूमच्या उंबरठ्याला अडखळून एकदा पडले होते. पण काकूंचं म्हणणं वेगळं होतं. "तिकडे गेले की ते खुर्चीत बसणार आणि सगळे म्हणणार, बाबा, तुम्ही उठू नका. एकदा माणूस खुर्चीत बसला की संपलं. इथलं घर त्यांना पाठ आहे. जिथे जिथे चुकतं तेवढं मी नीट करते. उजेड आहे तोवर त्यांच्या पायांना सवय व्हायला हवी."

"मिस्त्री नाही का मिळाला?"

"मिळाला होता की. पण त्याला सांगू काय? मलाच करताना कळतं. मी डोळे बांधते, चालते, आपटते, मग कळतं काय हवंय ते. लावून बघते, नाही जमलं तर काढते. तेवढा वेळ तो थांबेल का?"

छत झालं. मी खालून म्हटलं, "काकू, किती छान दिसतंय!"

"दिसण्याचं राहू दे," त्या म्हणाल्या. "वर ये, हात फिरव."

मी फळीवर चढले. छतावरून तळवा फिरवला. जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं, ते हाताला कळत नव्हतं.

त्यानंतर मी ते घर बदलताना पाहत गेले. उंबरठे गेले आणि त्यांच्या जागी पाणी अडवणारा हलका उतार आला. आधीचा उतार चुकला होता, पाणी उलटं खोलीत आलं, तेव्हा काकूंनी तो न कुरकुरता फोडून पुन्हा केला. दारांच्या पुढ्यात खरखरीत लाद्या बसल्या, म्हणजे पाऊल पडताच दार आलं हे कळावं. भिंतींचे धारदार कोपरे प्लास्टरनं गोल झाले. ओट्याच्या कडेला बोटभर उंच पट्टी लागली, म्हणजे सरकलेला कप खाली पडायचा नाही. वायरमननं सगळी बटणं खांद्याच्या उंचीवर एका ओळीत आणली. आणि बिछान्यापासून बाथरूमपर्यंत, तिथून स्वयंपाकघरापर्यंत, तिथून गॅलरीपर्यंत भिंतीला सागवानी दांडा लागला. दाराजवळ दांड्याच्या खालच्या अंगाला खाच होती. एक खाच बाथरूमची, दोन स्वयंपाकघराच्या. पाहुण्याला त्या दिसत नसत.

दांड्यावरून मात्र घरात पेटलं होतं. "हे काय, हॉस्पिटल आहे का?" काका गरजले, तेव्हा मी तिथेच होते. "उद्या मला कॉट पण लोखंडी आणा!"

काकू वाद घालत बसल्या नाहीत. आतून दोन-तीन ओले नॅपकिन आणले आणि दांड्यावर वाळत घातले. "मला मेलीला कपडे वाळत घालायला जागा नाही, म्हणून लावलाय. तुमचा काय संबंध?" त्या दिवसापासून त्या दांड्यावर कायम काही ना काही वाळत असायचं. कोणी आलं की काकू आपणहून सांगायच्या, "अहो, पावसाळ्यात फार सोय होते." आणि काका, कोणी बघत नाहीसं वाटलं की, नॅपकिनांमधल्या मोकळ्या जागेवर हात ठेवून चालायचे. नवऱ्याला आधार हवा आणि आधार घेतल्याचं दिसू नये, या दोन्ही गोष्टी एका लाकडाच्या दांड्यात बसवणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

मग काकांचं उरलंसुरलं दिसणंही गेलं. ते कधी गेलं हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. एक दिवस गॅलरीत ते बसलेले दिसले आणि हातात पेपर नव्हता.

त्यानंतर थोड्या दिवसांनी, एका दुपारी काकू माझ्याकडे आल्या. हातात भाजी नाही, निवडायला काही नाही. सोफ्याच्या टोकाला बसल्या आणि म्हणाल्या, "मला तासभर इथून उठू देऊ नकोस. मी उठले तर हात धर."

"का? काय झालं?"

"ते एकटे आहेत. मी सांगून आलेय, बाजारात जातेय म्हणून."

मी चहा ठेवायला उठणार, तर त्यांनी मलाच बसवलं. त्यांचं सगळं लक्ष छताकडे होतं. वर पावलं वाजली. "उठले," काकू पुटपुटल्या. पावलं पुढे सरकली. "कपाट... आता दार. हां, लादी कळली." मग शांतता. मग पुन्हा पावलं, या वेळी माझ्या स्वयंपाकघराच्या वर. आम्ही दोघी उठून आमच्या स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिलो, माना वर करून. नळाचं पाणी पाइपातून घरंगळत खाली गेल्याचा आवाज आला. आणि एकाएकी धाडकन स्टीलचं काहीतरी पडलं.

काकू दाराकडे धावल्या. मी हात धरला. खरं तर त्या मला सहज ढकलून गेल्या असत्या, त्या हातांत तेवढी ताकद होती. पण त्या थांबल्या. डोळे घट्ट मिटले आणि कान लावून उभ्या राहिल्या. त्यांच्या मनगटाची शीर माझ्या बोटांखाली उडत होती. वर कोणी हलत नव्हतं. मग काहीतरी घासल्याचा आवाज आला, भांडं जमिनीवरून उचलल्याचा. नळ पुन्हा सुरू झाला.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. खिडकीतून आल्याचा वास आला, उकळत्या चहातल्या आल्याचा. काकूंनी ओट्याला टेकून पदर तोंडावर धरला. तेवढ्यात वरच्या खिडकीतून काकांचा कोर्टातला आवाज गरजला:

"कुमुद! बाजार झाला असेल तर वर ये! चहा झालाय. आणि ती मंजिरी असेल शेजारी, तिलाही आण!"

काकू हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. "मेल्याला सगळं कळतं," एवढं म्हणाल्या आणि जिना चढायला लागल्या. वर गेलो तेव्हा ओट्यावर तीन कप होते. चहा थोडा सांडला होता, पण पट्टीनं अडवला होता. काका इस्त्रीच्या शर्टात ताठ उभे होते. मी माझा कप दोन्ही हातांनी घेतला. देवळात तीर्थ घेताना माझे हात असे होतात.

पुढची काही वर्षं ते घर तसंच नांदलं. काका घरी एकटे थांबायचे, गॅस पेटवायचे, रेडिओ लावायचे, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचे. नव्यानं येणाऱ्या माणसाला त्यांना दिसत नाही हे बराच वेळ कळायचं नाही.

आणि मग इमारत पुनर्विकासाला निघाली. खांबांतल्या सळ्या उघड्या पडल्या होत्या, गच्ची गळत होती. गच्चीवरच सभा भरली. सगळ्यांच्या नजरा काकूंकडे होत्या, कारण विरोध झालाच तर त्यांचाच होईल असं सगळे धरून होते. मी तर मनातून ठरवूनच गेले होते की त्या नाही म्हणाल्या की आपणही नाही म्हणायचं. काकू उभ्या राहिल्या.

"माझी सही घ्या," त्या म्हणाल्या. "चौथ्या मजल्यावरच्या जोशीबाई गुडघ्यांमुळे किती दिवसांत खाली उतरलेल्या नाहीत. लिफ्ट झाली तर उतरतील. माझ्या चार भिंतींसाठी त्यांनी वर अडकून राहायचं का?"

जिन्यात मी त्यांना गाठलं. मला रडू येत होतं. "काकू, तुम्ही हातानं केलेलं सगळं पाडतील ते."

"पाडतील की. मी पण आधीचं पाडूनच केलं होतं ना?" मग माझ्या पाठीवर हात ठेवून त्या हळू म्हणाल्या, "वाईट वाटतंय गं. पण ते चालायला शिकलेत. ते शिकणं काही भिंतीत राहणार नाहीये."

घर रिकामं करायच्या दिवसांत मी वर गेले तेव्हा काका जमिनीवर बसून दांड्याचे स्क्रू काढत होते. एका हाताची बोटं स्क्रूच्या डोक्यावर, दुसऱ्या हातात पेचकस. काढायला डोळे लागत नाहीत, असं म्हणून त्यांनी तो काकूंच्या हातून घेतला होता म्हणे. जन्मात कधी हत्याराला हात न लावलेला तो माणूस निघालेला प्रत्येक स्क्रू वाटीत टाकून आवाज ऐकत होता. काकू शेजारी नुसत्या बसल्या होत्या. स्वतःच्या घरात त्यांना काम न करता बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

ते दोघं कल्याणला भाड्याच्या घरात गेले, आम्ही ठाण्याला, टेंभी नाक्याजवळ. मी भेटायला गेले तेव्हा दोघांचं काम जोरात चाललं होतं. घरमालकानं भिंतीला खिळा मारायचा नाही अशी ताकीद दिली होती, म्हणून काकूंनी खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत जाड दोर ताणला होता. या वेळी मापं काका घेत होते. काकूंनी त्यांना वीत वीत अंतरावर गाठी मारलेली दोरी करून दिली होती. "अहो, मोजा नीट. काल दीड गाठ चुकलात," काकू सांगत होत्या, आणि काका म्हणत होते, "तुझी वीतच लहान, त्याला मी काय करू?" दुपारभर त्या दोघांची भांडणं ऐकत मी बसले. एवढं सुखाचं भांडण मी क्वचितच ऐकलं असेल.

नव्या इमारतीचे स्लॅब टाकणं चालू होतं त्या काळात काकू गेल्या. सकाळी छातीत दुखलं, रिक्षानं दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. निखिल काकांना पुण्याला घेऊन गेला. फोनवर काका थोडंच बोलायचे. "बरा आहे. खुर्ची चांगली आहे," असं एकदा म्हणाले.

घरांचा ताबा मिळाला. सावंतांचं घर भाड्यानं जाईल, असं आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. एक दिवस काकांचा फोन आला. "मंजिरी, येत्या रविवारी मोकळी आहेस का? डोंबिवलीला ये. तासाभरासाठी तुझे डोळे हवेत."

नवं घर रिकामं होतं, बोललं की घुमायचं. निखिल दारात उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर वडिलांशी वाद घालून हरल्याची दमणूक होती. "ते इथेच राहणार म्हणतायत," तो मला म्हणाला. "माणूस लावतो म्हटलं तर तेही नको. मी करून देतो म्हटलं, तर म्हणतात, तू ड्रिल धरलंयस का कधी?"

काका इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडून भिंतीपाशी उभे होते. हा दांडा नवा होता, त्याला खाचा त्यांनी पुण्यातच, खुर्चीत बसून पाडल्या होत्या. उंची त्यांनी स्वतःच्या हातावरून घेतली, काकूंच्या दोरीवरच्या गाठी मोजल्या आणि जागा दाखवली. मी पर्समधून पेन्सिल काढली.

"पेन्सिल नको," ते म्हणाले. "खिळ्यानं ओरखडा मार. म्हणजे मला सापडेल."

मी ओरखडा मारला. त्यांनी बोटानं तो शोधला, ड्रिलचं टोक तिथे टेकवलं आणि भिंतीला खांदा देऊन बटण दाबलं. निखिल पुढे झाला. मी त्याला अडवलं. भोक पडलं, काकांनी फुंकर मारून भुकटी उडवली, करंगळी घालून खोली बघितली, स्क्रू धरून ठेवणारी प्लॅस्टिकची गिट्टी त्यात ठोकली. मग पुढचं भोक. शेवटचा स्क्रू आवळून झाल्यावर त्यांनी कपाळ पुसलं. शर्टावर सिमेंटची पांढरी धूळ बसली होती, ती त्यांनी झटकली नाही.

"बघ, सरळ आहे?"

मी लांब होऊन पाहिलं. दांडा दाराकडच्या बाजूला खाली झुकला होता. आहे सरळ, असं म्हणावंसं वाटलं. पण त्यांनी माझे डोळे मागितले होते.

"नाही काका. उजवीकडे उतरलाय."

"किती?"

"बोटभर."

"तुझं बोट की माझं?"

मी जवळ जाऊन त्यांचं बोट भिंतीला लावलं आणि दाखवलं. त्यांनी मान डोलावली, पेचकस हातात घेतला आणि नुकताच घट्ट बसवलेला स्क्रू उलटा फिरवायला सुरुवात केली.